पाळण्यातले पाय आणि नऊ चौकटी

"त्या कामाला उत्तम आहेत, पण पुढे कितपत जातील याची शंका वाटते."

हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे. वर्षातून एकदा जी बैठक भरते, ज्यात चार-पाच मॅनेजर, एचआरचा एक माणूस आणि भिंतीवर एक तक्ता असतो, तिथे. एकेका नावाला दोन मिनिटं मिळतात. माझ्या टीममधल्या त्या बाईंनी सहा वर्षं एक जुनी, किचकट यंत्रणा जवळजवळ एकहाती सांभाळली होती. कामगिरीच्या रकान्यात मी त्यांना सगळ्यात वरचा शेरा दिला आणि क्षमतेच्या रकान्यात मधला. एचआरच्या माणसाने कारण विचारलं तेव्हा म्हणालो, "ग्राहकांसमोर वावर नाही. एकंदर धंद्याची समज अजून दिसली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचं नाव आलं.

काही महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी मागच्या बैठकांची टिपणं चाळत होतो, तेव्हा दिसलं की ग्राहकांच्या एकाही बैठकीला मी त्यांना नेलेलं नव्हतं. नेणार कसा? त्या वेळात यंत्रणा बसली असती तर ती उभी करणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या आपल्या जागी पक्क्या होत्या म्हणून मी त्यांना जागेवरून हलवलं नाही, आणि हलल्या नाहीत म्हणून त्यांचा आवाका मध्यम ठरवला. मी त्यांना कोणतं काम देत आलो होतो याचा तो हिशेब होता. मांडला मात्र त्यांच्या खात्यावर.

नोकरीत कोण कुठवर जाईल हे मॅनेजर कसं ठरवतात, या प्रश्नाचं एरवी मिळणारं उत्तर सज्जन असतं: जिद्द बघतात, शिकण्याची तयारी बघतात, नेतृत्वगुण बघतात. माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा मॅनेजर यांतलं काहीच बघत नसतो. तो आपणच वाटलेली कामं वाचत असतो, आणि ती वाटताना कुणावर विश्वास टाकला, कुणावर नाही, ते त्याला समोरच्याच्या अंगी असलेल्या गुणासारखं दिसायला लागतं. म्हणून क्षमतेचा शेरा हा आधी मॅनेजरच्या परीक्षेचा विषय असला पाहिजे. कर्मचाऱ्याची पाळी त्यानंतर.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्दांना तोटा नाही. कुवत, वकूब, आवाका, पात्रता, आणि रागाच्या भरात लायकी. ऑफिसच्या कागदांवर मात्र 'क्षमता' आली, आणि तो शब्द नकळत नेमका पडला आहे. क्षम् या धातूचा मूळ अर्थ सोसणं, भार सहन करणं. क्षमा आणि क्षमता एकाच घरच्या. भार सोसण्याची ताकद भार ठेवल्याशिवाय कशी कळणार? पण आपण ती न ठेवताच लिहून मोकळे होतो. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" या म्हणीचा आधार घेणारे विसरतात की ही म्हण नेहमी मूल मोठं झाल्यावर सांगतात. जे पुढे चालले नाहीत, त्यांच्या पाळण्यातल्या पायांची आठवण कुणी काढत नाही.

भिंतीवरच्या त्या तक्त्याविषयी थोडं सांगायला हवं. आडव्या बाजूला कामगिरी, उभ्या बाजूला क्षमता, दोन्हींच्या तीन-तीन पायऱ्या, मिळून नऊ चौकटी. जगभरच्या कंपन्यांत हा तक्ता वापरला जातो. ही जाळी जन्मली ती माणसांसाठी नव्हे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिक या अवाढव्य कंपनीला आपल्या अनेक व्यवसायांपैकी कशात पैसा घालायचा आणि कशातून अंग काढून घ्यायचं हे ठरवायचं होतं. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीबरोबर त्यासाठी ही मांडणी तयार झाली. एका बाजूला बाजारपेठ किती आकर्षक, दुसऱ्या बाजूला त्या बाजारात आपला व्यवसाय किती भक्कम. मनुष्यबळ विभागांनी पुढे तीच जाळी उचलली आणि बाजूंची नावं बदलली. व्यवसायाच्या बाबतीत निदान दोन्ही बाजूंना मोजण्यासारखं काही होतं. माणसाच्या बाबतीत एका बाजूला सरलेलं वर्ष असतं. किती विक्री झाली, किती तक्रारी आल्या, काम वेळेत झालं की नाही. दुसऱ्या बाजूला भविष्य असतं, आणि भविष्याची कागदपत्रं नसतात. ती जागा मॅनेजर आपल्या मनातून भरतो.

मनातून काय उतरतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात अस्वस्थ करणारं उत्तर ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आहे. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या नोंदी त्यांनी तपासल्या. व्यवस्थापनाच्या वाटेवर असलेले जवळपास ३० हजार कर्मचारी, आणि रेटिंगची पद्धत हीच, नऊ चौकटींची. कामगिरीच्या रकान्यात स्त्रियांना पुरुषांपेक्षा सरासरीने वरचे शेरे होते. क्षमतेच्या रकान्यात खालचे. प्रमोशनमध्ये स्त्री-पुरुषांत जी तफावत होती, तिचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग एकट्या या क्षमतेच्या रेटिंगमधून येत होता.

इथे कुणी म्हणेल, आणि बैठकांत लोक म्हणतातच, की मॅनेजरला आकड्यांपलीकडचं काही दिसत असेल. चालू काम चांगलं करणं वेगळं, पुढचं पेलणं वेगळं. म्हणणं रास्त आहे. पण मग कमी क्षमता लिहिलेल्या त्या स्त्रिया पुढे कमी पडायला हव्या होत्या. झालं उलटं. क्षमतेचं रेटिंग सारखंच असलेल्या पुरुषांपेक्षा त्यांची पुढची कामगिरी सरस निघाली. याहून वाईट गोष्ट त्यानंतरची. वर्तवलेल्या भाकितापेक्षा त्या चांगलं काम करून दाखवत, आणि पुढच्या वर्षी क्षमतेचा शेरा पुन्हा खालचाच येई. भाकीत चुकलं तर चूक भाकीत करणाऱ्याची मानायची असते, एवढा साधा व्यवहार तिथे घडत नव्हता. ज्योतिषाला निदान गिऱ्हाईक तुटेल याची भीती असते.

हे फक्त स्त्रियांचं आहे असं मी मानत नाही. त्या अभ्यासात स्त्री-पुरुष हा रकाना नोंदीत होता म्हणून फरक मोजता आला. बोलण्याचा ढंग, शिक्षण कुठे झालं, घरी कुणाचं आजारपण आहे म्हणून संध्याकाळी वेळेवर उठून जाणं, लाजाळूपणा, यांचे रकाने कुठल्याच नोंदीत नसतात. मोकळ्या सोडलेल्या जागेत हे सगळं शिरतं.

आणि ते नव्याने शिरलेलं नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण देतात तेव्हा ते गुण संशय यावा इतके एकमेकांच्या मागोमाग जातात. माणूस एकंदर आवडला की त्याचं सगळंच आवडतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टीव्हन स्कलन आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांच्या आसपास व्यवस्थापकांना मिळालेली रेटिंग घेतली. प्रत्येकाला वरिष्ठांनी, बरोबरच्यांनी आणि हाताखालच्यांनी गुण दिले होते. गुणांमधल्या चढउताराचा निम्म्याहून अधिक भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या खोडीतून येत होता. कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता, कुणाला टापटीप प्रिय, कुणाला बेधडकपणा. मोजपट्टी म्हणून जे कागद फाइलला लावले जातात, त्यात मोजणाऱ्याचंच माप अधिक असतं.

बैठकीतली भाषा ऐकली तर हे कळायला संशोधनाचीही गरज नाही. "त्याच्या वयात मी असाच होतो." हे वाक्य मी किमान पाच वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे, आणि दरवेळी त्यानंतर समोरच्याला वरची चौकट मिळाली. "दम आहे त्याच्यात." "मीटिंगमध्ये गप्प असते ती." "अजून तयार नाही." या शेवटच्या वाक्याला पुढचा प्रश्न विचारला जात नाही: कशासाठी तयार नाही, आणि तयार झाल्याची खूण कोणती? तो विचारून पाहा. खोलीत एक चमत्कारिक शांतता पसरते. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात हे आपण बाजाराबद्दल म्हणतो. ऑफिसात बोरं नसली तरी चालतं, बोलणं पुरतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मॅनेजर चुकीचं मोजतो एवढंच असतं तर मोजायला शिकवून भागलं असतं. तो मोजता मोजता घडवतो, ही खरी गुंतागुंत. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली स्वतःच स्वतःला खरं करणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली: आधी चुकीची समजूत, तिच्यामुळे बदललेली वागणूक, आणि त्या वागणुकीमुळे खरी ठरलेली समजूत. बँक बुडणार अशी अफवा उठते, सगळे पैसे काढायला धावतात, बँक बुडते.

नोकरीतल्या क्षमतेच्या बाबतीत हे ज्या प्रयोगात सगळ्यात स्वच्छ दिसलं तो डोव्ह ईडन आणि अब्राहम शनी यांचा, १९८२ साली प्रसिद्ध झालेला. इस्रायली लष्करात तुकड्यांचं नेतृत्व करण्याचं प्रशिक्षण घेणारे १०५ सैनिक होते. प्रशिक्षकांना सांगण्यात आलं की चाचण्या आणि आधीच्या नोंदींवरून प्रत्येकाच्या 'नेतृत्वक्षमते'चा अंदाज काढला आहे: काहींची वरची, काहींची साधारण, काहींबद्दल पुरेशी माहिती नाही. प्रत्यक्षात ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. अभ्यासक्रमाच्या शेवटी परीक्षा झाल्या तेव्हा ज्यांच्यावर 'वरची क्षमता' असा शिक्का होता ते खरोखरच स्पष्टपणे पुढे निघाले. प्रशिक्षणाबद्दलचं त्यांचं मतही इतरांहून चांगलं होतं. प्रशिक्षकांनी कुणावर अन्याय करायचं ठरवलं नव्हतं. कुणाला अवघड प्रश्न टाकला, कुणाची चूक झाल्यावर थांबून समजावलं, कुणाची चूक झाल्यावर "जाऊ दे" म्हणून पुढे गेले. फरक पडतो तो अशाच कशाने तरी.

"जाऊ दे" हा शब्द मला सगळ्यात धोकादायक वाटतो. ओरडणारा साहेब निदान अपेक्षा तरी ठेवतो. ज्याच्या चुकीवर आपण शांतपणे "राहू दे, मी बघतो" म्हणतो, त्याची वाढ आपण त्या क्षणी थांबवलेली असते, आणि वर आपल्या मनात समजूतदारपणाचं समाधान.

कामाच्या पहिल्या वर्षाचं महत्त्वही यातून कळतं. डेव्हिड बर्ल्यू आणि डग्लस हॉल यांनी १९६६ साली एका दूरध्वनी कंपनीतल्या तरुण व्यवस्थापकांच्या काही वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं की पहिल्याच वर्षी ज्याच्याकडून कंपनीने जास्त अपेक्षा ठेवल्या, त्याचा पुढच्या वर्षांतही पुढे राहण्याकडे कल होता. पहिलं वर्ष कुणाच्या हाताखाली गेलं, हा बहुतेकांच्या बाबतीत निव्वळ योगायोग असतो. दहा वर्षांनी त्याच योगायोगाला आपण 'वकूब' म्हणतो.

मग एक आर्थिक कारण आहे, जे सभ्य लोक बोलत नाहीत. चांगला माणूस वर गेला की मॅनेजरची टीम उघडी पडते. त्याचं स्वतःचं अप्रेझल टीमच्या कामावर ठरणार, आणि माणूस घडवून दुसऱ्या विभागाला दिल्याबद्दल त्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. इन्ग्रिड हेगेले या संशोधिकेने एका मोठ्या उत्पादन कंपनीच्या नोंदींवरून हे पकडलं. मॅनेजर स्वतः बदलून जाणार असतो तेव्हा माणसं धरून ठेवण्यातला त्याचा रस संपतो. नेमक्या त्या काळात त्याच्या हाताखालच्यांचे वरच्या जागांसाठीचे अर्ज दुपटीहून अधिक झाले. आणि हे एरवी न येणारे अर्ज सुमार लोकांचे नव्हते, वरची जागा मिळण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त होती. माझ्या त्या सहा वर्षं यंत्रणा सांभाळणाऱ्या बाईंना मी वाईट हेतूने रोखलं नव्हतं असं मी म्हणू शकतो. हेगेलेंचा अभ्यास वाचल्यावर ते म्हणताना आवाज थोडा खाली येतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग क्षमतेचा रकानाच काढून टाका, ज्याने काम चांगलं केलं त्याला वर घ्या, विषय संपला. हा उपाय आधी करून झालेला आहे आणि त्याची फळं कडू आहेत. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली विनोदाच्या अंगाने मांडलेला नियम सगळ्यांना माहीत आहे: उतरंडीत प्रत्येक जण आपल्याला न झेपणाऱ्या पायरीपर्यंत चढतो आणि तिथेच राहतो. तो विनोद राहिलेला नाही. बेन्सन, ली आणि शू याच तिघांनी २०१९ साली शंभराहून अधिक कंपन्यांमधल्या विक्री प्रतिनिधींच्या नोंदींवरून दाखवलं की कंपन्या सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यालाच मॅनेजर करतात, आणि ज्यांची आधीची विक्री जास्त ते मॅनेजर म्हणून उलट कमी पडताना दिसतात. स्वतः विकणं आणि दहा जणांकडून विकून घेणं ही दोन कामं आहेत. तेव्हा पुढच्या कामासाठी कोण योग्य याचा अंदाज घ्यावाच लागणार. त्यातून सुटका नाही. प्रश्न एवढाच की तो अंदाज कशावरून घ्यायचा, आणि चुकला तर कुणाला विचारायचं.

कशावरून घेऊ नये, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांच्या तरुणपणीच्या अनुभवात आहे. १९५०च्या दशकात ते इस्रायली लष्करात अधिकारीपदाच्या उमेदवारांची पारख करत. आठ अनोळखी उमेदवारांच्या अंगावरची हुद्द्याची चिन्हं काढायची, त्यांना एक लांब ओंडका द्यायचा आणि तो भिंतीला न टेकवता सगळ्यांनी पलीकडे जायचं. कोण पुढाकार घेतो, कोण चिडतो, कोण हार मानतो, सगळं डोळ्यांसमोर. पारखणाऱ्यांना स्वतःच्या निर्णयाची खात्री वाटे. काही महिन्यांनी प्रशिक्षण शाळेतून निकाल येत आणि दिसे की हे अंदाज डोळे मिटून केलेल्या निवडीपेक्षा किंचितच बरे होते. कानेमन सांगतात त्यातला बोचरा भाग असा की हे कळूनही दुसऱ्या दिवशी नव्या तुकडीसमोर त्यांना तितकीच खात्री वाटायची. खात्री ही बघणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे, बघितलेल्या माणसाबद्दलचा पुरावा नाही. बैठकीत टेबलावर हात आपटून "माझा शब्द आहे, हा वर जाणार" म्हणणारे लोक मला त्यामुळेच हल्ली घाबरवतात.

पुढे भरतीच्या मुलाखतींची पद्धत बसवायचं काम आलं तेव्हा कानेमन यांनी ठरावीक गुण निवडले, प्रत्येकासाठी माणसाने पूर्वी प्रत्यक्षात काय केलं याचे प्रश्न ठरवले, आणि एकाचे गुण लिहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही असा नियम घातला. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्रं बनवता म्हणाले. अंदाज मात्र सुधारले. गंमत म्हणजे हे सगळं शिस्तीत झाल्यावर शेवटी डोळे मिटून, नुसत्या अंतःप्रेरणेने दिलेला एकंदर गुणही चांगला निघाला. अंतःप्रेरणेला जागा आहे. ती शेवटी आहे. आपण तिला पहिल्या दोन मिनिटांत बोलावतो. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा फेरहिशेब मांडला, त्यातही ठरावीक प्रश्नांची बांधेसूद मुलाखत सगळ्यात वर आली. कामाचा प्रत्यक्ष नमुना करून घेणंही बऱ्यापैकी वर. अनुभवाची नुसती वर्षं जवळजवळ तळाला.

तेव्हा मॅनेजरने काय बघावं असं मला कुणी विचारलं तर मी गुणांची यादी देत नाही. त्या यादीतला प्रत्येक गुण पुन्हा "त्याच्या वयात मी असाच होतो"वर येऊन थांबतो. मी म्हणतो, पुढच्या कामाचा एक तुकडा काढा आणि द्या. तुम्ही रजेवर जाल तेव्हा बैठक कुणीतरी चालवायचीच असते. जो एरवी चालवत नाही त्याला द्या. बजेटचा एक भाग, एका भांडणाचा निवाडा, एका नव्या माणसाला शिकवण्याची जबाबदारी. आणि पहिला प्रयत्न मोजू नका, दुसरा मोजा. पहिल्या प्रयत्नात दिसतो तो बहुतांशी आधीचा सराव: ज्याला घरातून, शाळेतून, आधीच्या साहेबाकडून ही सवय लागली आहे तो पहिल्याच दिवशी सफाईदार दिसणार. चूक दाखवून दिल्यावर दुसऱ्या वेळी माणूस काय बदलतो, यात शिकणं दिसतं. त्यासाठी मॅनेजरने पहिल्या वेळी चूक नीट सांगितलेली असावी लागते, ही अट आलीच. पीटर हेस्लिन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं आहे की माणूस मुळात बदलत नाही असं मानणाऱ्या मॅनेजरांना समोरच्यात झालेली सुधारणा सहसा दिसत नाही. डोळ्यांसमोर घडूनही.

आणि वर जायचंच नाही असं म्हणणाऱ्याला सुखाने म्हणू द्यावं. आपल्या कामात मुरलेला माणूस ही कमी प्रतीची गोष्ट नाही. फक्त ते त्याच्या तोंडून ऐकावं, त्याच्या वतीने गृहीत धरू नये.

दुसरी मागणी जरा जाचक आहे. मॅनेजरने क्षमतेचं भाकीत केलं की ते तारखेसह, कारणासह आणि स्वतःच्या नावाने लिहून ठेवावं, आणि दोन वर्षांनी कुणीतरी ते उघडून बघावं. कर्मचाऱ्यांची कामगिरी तपासण्यावर कंपन्या किती मनुष्यतास घालवतात! भाकितं करणाऱ्यांची भाकितं तपासण्यावर काय खर्च होतं? ज्या मॅनेजरच्या हाताखालून दहा वर्षांत एकही माणूस वर गेला नाही, त्याला कधी विचारलं जातं का, की सगळेच सुमार तुमच्याच वाट्याला कसे आले?

याचा आदर्श नमुना फार जुना आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत डग्लस ब्रे यांनी १९५६ ते १९६० या काळात ४२२ तरुणांची, प्रत्येकाची काही दिवस, कसून पारख केली. चाचण्या, मुलाखती, गटातली कामं. कोण वरपर्यंत जाईल याची भाकितं लिहिली आणि कागद कुलूपबंद केले. ना त्या तरुणांना दाखवले, ना त्यांच्या साहेबांना. वर्षं गेली तेव्हा उघडून पाहिलं. वर जातील म्हटलेले इतरांपेक्षा बऱ्याच मोठ्या प्रमाणात वर गेले होते. म्हणजे पारख अशक्य नाही. वेळ दिला, पद्धत ठेवली तर जमते. पण त्याच नोंदींत दुसरीही गोष्ट निघाली. ज्यांच्याबद्दल भाकीत प्रतिकूल होतं, पण वाट्याला आव्हानाचं काम आलं, त्यांच्यातलेही अनेक वर पोहोचले होते. ते कागद कुलपात नसते, तर त्यांच्या वाट्याला तसं काम आलं असतं का?

एकदा मी ही कल्पना बैठकीत मांडून पाहिली. एचआरचा माणूस अनुभवी होता. म्हणाला, "साहेब, नाव घालून लिहायचं म्हटलं तर सगळे मधल्याच चौकटीत टाकतील." त्याचं खरं असेल. पण ज्याला पुढचं काम कधी दिलंच नाही त्याच्याबद्दल "माहीत नाही" हेच प्रामाणिक उत्तर आहे, आणि नऊ चौकटींत त्याला जागा नाही. ईडन यांच्या प्रयोगात निदान "पुरेशी माहिती नाही" असा एक शिक्का होता.

कंपनीने ते मनावर घेतलं नाही, म्हणून मी स्वतःपुरती एक वही केली. अकरा नावं, प्रत्येकापुढे दोन ओळी आणि तारीख. दोन वर्षांनी उघडली. चार जण नोकरी सोडून गेले होते, त्यांचा हिशेब लागणार नव्हता. उरलेल्या सातांपैकी तिघांबद्दल मी अगदी बरोबर निघालो होतो. अर्धा दिवस खूश होतो. मग लक्षात आलं की ते तिघंही 'वर जातील' असं लिहिलेले होते, आणि त्या दोन वर्षांत विभागातली सगळी नवी कामं त्यांनाच मिळाली होती. देणारा मीच. ब्रे यांच्यासारखं कुलूप माझ्या वहीला नव्हतं. ती माझ्या डोक्यात उघडीच होती.

आता दुसरी वही केली आहे. तिच्यात भाकिताच्या आधी आणखी एक रकाना आखला आहे: 'गेल्या वर्षात मी दिलेलं नवं काम'. तो भरल्याशिवाय पुढचा रकाना लिहायचा नाही असा माझा मलाच नियम. नऊ नावं आहेत. पाच जणांपुढे तो रकाना अजून कोरा आहे, आणि बैठक पुढच्या महिन्यात आहे.